घर, बांधी आणि गणिताची वही



हा विषय बरेच दिवस मनात होता. लिहायला घेतला की थोडी लाज वाटायची म्हणून राहून जायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी जूनच्या शेवटी शाळा प्रवेशोत्सव असतो. आम्ही गावातून प्रभातफेरी काढतो, घरोघर जाऊन "पोरांना शाळेत पाठवा" म्हणून सांगतो. आणि याच बाईने दीड-पावणेदोन वर्षं स्वतःच्या मुलीला घरी शिकवलं. शाळा उघडल्यावरही तिला पाठवावं की नाही, यावर महिनाभर घरात वाद घातला. त्याचीच ही गोष्ट.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी पहिलीत होती, एका खासगी इंग्रजी शाळेत. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आणि माझी मुलगी खासगी शाळेत, हे कसं, असं विचाराल. बरोबर आहे, विचाराच. आम्हीही इतरांसारखेच पालक. तिचे बाबा नोकरीनिमित्त तिरोड्याला, मी इकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात. लॉकडाऊन लागलं तसं मी मुलीला घेऊन नवेगावबांधजवळच्या आमच्या गावी, सासूबाईंकडे आले. जूनपासून तिचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. मोबाइलला रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या मागे. तिथे खाट टाकून ती बसायची. कॅमेरा सुरू, आवाज बंद. तिचं नाव पुकारलं की ती खाटेखाली जाऊन लपायची. "मला येत नाही" हे वाक्य ती दिवसातून दहा-बारा वेळा बोलायची. सात वर्षांचं लेकरू!

मी शिक्षिका म्हणून जे करायचं ते सगळं केलं. रोज दोन तास समोर बसवलं, पाढे पाठ करून घेतले, रागावले, एकदा हातही उचलला. सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. त्यांची बोली झाडीची. म्हणाल्या, "काहून धरून बसवतेस वो तिले? येईल ना हरूहरू." आणि तिला घेऊन बांधीकडे निघून गेल्या. त्या दिवशी तिचा वर्ग बुडाला. दुसऱ्या दिवशीही बुडाला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. जूनमध्ये पऱ्हे टाकतात, ते तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उपटून चिखलात रोवणी करतात. त्या जुलैत मुलगी आजी-आजोबांबरोबर रोज बांधीत होती. मला वाटायचं चिखलात खेळते आहे, खेळू दे. आठ-दहा दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आई, पाणी आपल्याला सांगतं, शेत कुठे वर आहे ते." मी म्हटलं, म्हणजे? तर तिने ताटातली आमटी तिरकी करून दाखवली. आजोबा बांधीत पाणी सोडून बघतात. माती जिथे उघडी पडते तिथला चिखल ओढून खोलगट भागात लोटतात. एका बांधीचं पाणी धुऱ्याला तोंड पाडून खालच्या बांधीत सोडतात. पाणी आपली पातळी समान ठेवतं, हे मी पाचवी-सहावीच्या पोरांना नळीचं चित्र काढून शिकवते. पोरं चित्र छान काढतात.

त्यानंतर आजोबांनी तिला तलावावर नेलं. आपला गोंदिया-भंडारा भाग तलावांचा आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार ओळखून हे तलाव बांधले. पुढे त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या बोडीत येतं, बोडीतून बांधीत येतं. मुलीने घरी येऊन अंगणात खड्डे खणून हे सगळं बनवलं. चार तांबे पाणी ओतलं आणि सांडवा कुठे हवा यावरून आजोबांशी भांडली. तिच्या म्हणण्याप्रमाणे सांडवा केला तर पाळ फुटली. मग परत केला. 'मला येत नाही' हे वाक्य त्या दिवशी ऐकू आलं नाही. हे माझ्या लक्षात आलं रात्री, झोपताना.

आता इथे थांबून एक प्रसंग सांगते, कारण तो घडला नसता तर मी याला नुसतं सुट्टीतलं खेळणं समजले असते. हा प्रसंग आधीचा, मे २०२० चा आहे. माझ्याच शाळेतल्या एका चौथीच्या मुलाचा.

त्या वेळी आम्हा शिक्षकांना सर्वेक्षण, विलगीकरण कक्षाची ड्युटी अशी कामं होती, आणि शालेय पोषण आहाराचे तांदूळ-डाळ पालकांपर्यंत पोचवायचे होते. त्यासाठी त्या मुलाच्या घरी गेले. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. पहाटे जंगलात जाऊन आणलेल्या पानांचा ढीग अंगणात पडला होता आणि घरचे सगळे पुडे बांधत होते. आपल्याकडे सत्तर पानांचा एक पुडा. फळीवर तो मोजून घेतात आणि मजुरी शेकड्यावर मिळते. मुलगा पाच-पाच पानं हातात घेत होता. असे चौदा हात झाले की पुडा बांधून बाजूला. बोलत होता माझ्याशी, आणि हात चालूच होते. मोजणी चुकत नव्हती.

मी सहज विचारलं, "शंभर पुड्यांत पानं किती रे?" "सात हजार." "आणि अडीचशे पुड्यांत?" तो क्षणभर थांबला. "दोनशेचे चौदा हजार, पन्नासचे साडेतीन हजार. साडेसतरा हजार, मॅडम."

या मुलाच्या नावापुढे माझ्या नोंदवहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : गुणाकार, अप्रगत.

माझ्या पिशवीत कागद होता. मी त्याला २५० गुणिले ७० असं मांडून दिलं. त्याने पेन घेतला, जीभ बाहेर काढली, हातचे लिहिले आणि उत्तर काढलं १७५०. शून्य गेलं. मी म्हटलं, "म्हणजे अडीचशे पुड्यांत साडेसतराशे पानं?" तो हसायलाच लागला. "नाई मॅडम, एवढ्याचे तर पंचवीसच पुडे होतात." मग स्वतःच कागद ओढून घेतला आणि शून्य लिहिलं. कागदावरचा आकडा आणि अंगणातला ढीग एकाच गोष्टीबद्दल बोलतात, हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं. चार वर्षं आम्ही त्याला ते सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मी वाचायला घेतलं. डी.एड.ला असताना ब्राझीलमधल्या एका अभ्यासाबद्दल ऐकलं होतं, तो शोधला. रेसिफे शहरात टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालूसिया श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. १९८५ मध्ये त्यांचा लेख आला. बाजारात मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तर ३७ टक्के. अगदी आमच्या अंगणातलीच गोष्ट! अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्यासाठी आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. बाजारातली मुलं वहीत अडतात, आणि शाळेत जाणारी, वहीत बरोबर गणित सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. म्हणजे दोन्हीकडची पोरं आपापल्या काठावर उभी आहेत आणि मध्ये पूल नाही. तो बांधणं हे माझं काम होतं. त्याचा मला पगार मिळतो.

तर पुन्हा घराकडे. जून २०२१ मध्ये आम्ही खासगी शाळेतून टीसी काढली आणि मुलीचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत घातलं. शाळा बंदच होती. मी ठरवलं की आता घरचा दिवस हाच तिचा वर्ग, आणि मी संध्याकाळी अर्धा तास तिच्याबरोबर वही घेऊन बसायचं. वहीत ती दिवसभर जे करील तेच लिहायचं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या उपक्रमात आलेले स्वाध्याय आणि सह्याद्रीवरची 'टिलीमिली' मालिका यांचाही उपयोग झाला. त्या मालिकेत शाळेची खोली नव्हतीच. मुलं आईवडिलांबरोबर घरातल्याच वस्तू घेऊन शिकत होती. ते पाहून मला धीर आला, की मी काही जगावेगळं करत नाहीये.

धान घरात आलं तेव्हाची आठवण सांगते. सासूबाई पायलीने धान मोजतात. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मुलगी हिशेब ठेवत होती आणि तिचा दर वेळी एक आकडा कमी यायचा, कारण ती 'लाभ' मोजतच नव्हती. दोनदा मोजणी झाल्यावर तिला चूक सापडली. मग तिला प्रश्न पडला, एक पायली धान आणि एक पायली तांदूळ सारखंच वजन भरतील का? मी उत्तर दिलं नाही (फार कष्टाने दिलं नाही, शिक्षकांना हे किती अवघड असतं तुम्हाला ठाऊक आहे). ती दोन पिशव्या घेऊन दुकानात गेली आणि काट्यावर ठेवून आली. तांदूळ जड. का? आठवडाभर ती यावर बोलत होती. शेवटी मूठभर धान हातावर चोळून, फुंकर मारून म्हणाली, "तूस जागा खातं पण वजन देत नाही."

पुढे बाबांबरोबर ती राईस मिलमध्ये गेली. गोंदिया म्हणजे राईस मिलचा जिल्हा, ते काही सांगायला नको. एक क्विंटल धान भरडलं की साधारण साठ ते सदुसष्ट किलो तांदूळ हाती येतो. बाकीचं तूस, कोंडा, कणी. शंभरातले किती, हा प्रश्न तिथे तिला मिळाला. शेकडेवारी हा शब्द तिला मी नंतर सांगितला. मोहफुलांचंही तसंच. मार्चअखेरीस पहाटे वेचलेली दोन किलो ओली फुलं वाळून अर्ध्या किलोच्या आसपास राहिली, तेव्हा तिला वाटलं कोणी तरी चोरली. बकरीवर संशय घेतला. नंतर पाणी उडून जातं हे तिला मान्य करावं लागलं.

भाषेचं थोडं सांगते. आजीची झाडीबोली, शेजारी पोवारी, दुकानात हिंदी आणि घरात माझी पुस्तकातली मराठी. मुलगी चौघांशी चार प्रकारे बोलायला लागली. झाडीत ळ चा र होतो, तसं तिने वहीत 'शारा', 'डोरा' लिहिलं. माझा हात लाल पेनाकडे गेला. मग विचार केला, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसाने आयुष्यभर ज्या बोलीचा अभ्यास केला, तिला मी चूक म्हणून गोल करू? आम्ही वहीच्या पानाचे दोन भाग केले. एकीकडे आजीचा शब्द, एकीकडे पुस्तकातला. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनीही पक्ष्यांची, झाडांची गावातली नावं अशीच माणसांना विचारून गोळा केली होती. हे सांगितल्यावर तिला भारीच वाटलं. रस्त्यात भेटेल त्याला विचारत सुटली, या पाखराला तुम्ही काय म्हणता?

आता जे जमलं नाही तेही प्रामाणिकपणे सांगते, नाही तर हा लेख वाचून कोणी पालक उद्याच दाखला काढायला जातील.

वाचन आपोआप आलं नाही. पाणी, वजन, मोजणी, पाखरं हे सगळं दिवसभरात येत गेलं. वाचन मात्र नाही. एसटीच्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्या, रेशनची पावती, सगळं वाचायला दिलं. जोडाक्षर आलं की ती अंदाजाने काहीही बोलायची. मी खूप वाट पाहिली. शेवटी तिसरीच्या दिवाळीआधी रोज वीस मिनिटं नेमाने बसवलं, अगदी जुन्या पद्धतीने, तेव्हा ते मार्गी लागलं. काही गोष्टी अंगणात उगवतात आणि काही पेराव्या लागतात, असं आता मी पालकांना सांगते.

दुसरं याहून गंभीर आहे. त्या तेंदूपत्त्याच्या अंगणात मुलाची आई मला म्हणाली होती, "शाळा बंद हाय तेच बरं मॅडम, पोरगा हाताखाली आला." तेव्हा मी त्याच्या हिशेबाने इतकी भारावले होते, की मला त्या वाक्याचं काही वाटलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. तो सहावीत होता. आला नाही. मी घरी गेले तर कापणीला गेलेला. पुन्हा गेले, तेव्हा वडिलांबरोबर बाहेरगावी कामाला नेण्याचं चाललं होतं. माझी मुलगी बांधीत जायची तेव्हा तिच्या मागे दोन पगार होते, पुस्तकं होती, संध्याकाळी वही घेऊन बसणारी आई होती, आणि कंटाळा आला की परत यायची मुभा होती. त्या मुलाला दिवसाचे पुडे पुरे करायचे होते. काम तेच, पान तेच. तरी दोघांना मी एकाच वाक्यात 'जीवनातून शिक्षण' म्हणू शकत नाही. मुख्याध्यापकांना घेऊन तिसऱ्यांदा गेले, वडिलांशी बोलले, थोडं भांडलेही. दिवाळीनंतर तो शाळेत आला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. मुलं शाळेत येत नाहीत तर शिक्षक कुरणात गेले. गुरं चारण्यातच शिक्षण आहे म्हणून मुलांना तिथेच सोडून दिलं नाही. त्या वर्षी हा फरक मला नीट समजला. बालशिक्षणाच्या पेपरला यावर टीप लिहिली होती मी, गुणही चांगले मिळाले होते.

१ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडणार असं जाहीर झालं आणि आमच्या घरात वाद सुरू झाला. मला मुलीला घरीच ठेवायचं होतं. मी सगळी माहिती काढली होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, दहावीला फॉर्म नं. १७ भरून बाहेरून बसता येतं. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण होतंच, जी सातवीनंतर शाळेत गेली नाही आणि माहितीशास्त्राच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये एमआयटीत गेली. मुलीचे बाबा म्हणाले, "एक मालविका तू सांगतेस. न सांगता येणाऱ्या किती असतील?" मी चिडले. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमचीच मुलगी घरी राहिली तर त्या पोराच्या बापाला आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?" त्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पण खरा निकाल दिला सासूबाईंनी. मला वाटलं होतं त्या माझ्या बाजूने असतील. तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "बाकी सारं देतो ना आपुन तिले. पन जोडीदार कुठून आनशील?" मी मुलीकडे पाहिलं. ती अंगणात एकटीच दोन्ही बाजूंनी लंगडी खेळत होती. एकदा या बाजूची होऊन, एकदा त्या बाजूची.

पहिल्या दिवशी शाळेत जाताना ती रडली. दुसऱ्या दिवशी दप्तरात पायली घेऊन गेली, कारण वर्गात कोणी तरी म्हणालं होतं की लिटर आणि पायली एकच. तिच्या बाईंनी ती पायली ठेवून घेतली आणि दोन दिवस तिसरीच्या वर्गाने पाणी, वाळू, धान जे मिळेल ते मोजलं. मला त्या बाईंचा हेवा वाटला.

माझ्या वर्गात काय बदललं म्हणाल, तर फार मोठं काही नाही. मे महिन्यानंतर पोरं शाळेत येतात तेव्हा पहिला आठवडा मी पुस्तक उघडत नाही. घरी काय काय मोजलं, विकलं, बांधलं, वाळवलं ते विचारते आणि फळ्यावर लिहिते. त्यावरून गणितं पोरंच तयार करतात. कधी त्यातून असंही कळतं की कोणाला घरी जास्तच काम पडतंय. मग शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जाते. 'अप्रगत' हा शब्द लिहिताना आता पेन्सिल वापरते.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. मधल्या सुट्ट्यांत तेंदूच्या हंगामाला जातोच, घरची गरज आहे. फळीवर त्याच्या आईचे पुडे आता तोच लिहून घेतो, आणि मुंशीची बेरीज दोनदा तपासतो असं त्याची आई सांगते.

मुलगी सातवीत आहे. या रविवारी रोवणीला जायचं ठरलंय. सोमवारी तिची घटक चाचणी आहे, तेव्हा दुपारी परत यावं लागेल. आजोबांनी वरच्या बांधीचं काम तिच्यासाठी राखून ठेवलंय म्हणे.